उजवी कळी

उत्क्रांतीचा धडा आमच्याकडे दहावीला दिवाळीनंतर येतो. चौदा वर्षं मी तो शिकवतो आहे आणि दर वर्षी एक तरी हात वर येतोच. "सर, मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?" वर्ग हसतो. पहिली काही वर्षं मला या प्रश्नाचा राग यायचा. मुलं मला चिडवायला विचारतात असं वाटायचं. ती खरंच विचारत होती, हे मला फार उशिरा समजलं.

आमची शाळा देवरूखपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. एसटी तिथपर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. मी याच शाळेत शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो आठवीतून उठून मुंबईला गेला आणि एका गोदामात लागला, म्हणून मी देवरूखच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जाऊ शकलो. पहिल्या वर्षाला असताना त्याने मला जीवशास्त्राचं एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं होतं. फुटपाथवर घेतलेलं, पुठ्ठा सुटलेला. पावसाने भिजू नये म्हणून त्याने ते गोणीच्या प्लास्टिकमध्ये शिवून आणलं होतं. त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं, कारण ते इंग्रजीत होतं. दुकानदाराला त्याने फक्त विचारलं होतं, यात बेडूक आहे का. मी बेडूक चिरायला शिकतो एवढंच त्याला ठाऊक होतं. उत्क्रांती मी पहिल्यांदा नीट वाचली ती त्या पुस्तकात. मी जो काही आहे तो त्या प्लास्टिकच्या गाठोड्यामुळे आहे, हे मी आजही मानतो.

तीन वर्षांपूर्वी दादा शिमग्याला गावी आला तो खोकत आला. पालखी नाचवायला तो दर वर्षी पुढे असायचा. त्या वर्षी एक फेरी मारून तो सहाणेच्या, पालखी टेकवायच्या चौथऱ्याच्या, कडेला बसला. मी त्याला आरोग्य केंद्रात नेलं. बेडका तपासला. क्षयरोग निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, साधा आहे, सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. दादाने मुंबईला परत जायचं सोडलं. आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, घरी येऊन गोळ्यांची पाकिटं देऊन जायची.

पहिला महिना वाईट गेला. गोळी घेतली की त्याला मळमळायचं. लघवी लालसर व्हायची आणि तो वहिनीला सांगायचा, "तुजा पानाचा डबा आता मला नको, माजं आतूनच रंगतंय." दुसऱ्या महिन्यात खोकला गेला, जेवण वाढलं, वजन चढलं. तिसरा महिना लागला तेव्हा तो भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, कवळ म्हणजे झाडांच्या डहाळ्या तोडायला रानात गेला. त्या दिवशी संध्याकाळी त्याने विचारलं, आता कशाला खायच्या या? गोळी खाल्ली की माणूस आजारी वाटतो, नाही खाल्ली की बरा वाटतो.

मला आनंद झाला. हा तर माझा विषय. मी ओटीवर बसून त्याला समजावलं. जंतू सगळे सारखे नसतात. गोळ्यांनी आधी कमजोर मरतात, चिवट मागे राहतात. तू मधेच थांबलास तर राहिलेल्या चिवटांचीच पुढे पिल्लावळ होईल आणि मग ही गोळी त्यांना काही करणार नाही. मी त्याला आंब्याच्या तुडतुड्यांचं उदाहरण दिलं. पहिल्या वर्षी फवारलं की सगळे मरतात, चार वर्षांनी त्याच औषधाने मरत नाहीत.

"दुकानदार पाणी घालतंय त्यात," दादा म्हणाला.

"पाणी नाही घालत. तुडतुडेच बदललेले असतात."

"बदललंन कोणी?"

कोणीच नाही, मी म्हणालो. मेले ते मेले, उरले त्यांची पोरं झाली, एवढंच.

तो हसला. मला आठवतं, त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. लहान मुलाने चुकीचं गणित सोडवून दाखवावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

"माज्या अंगात हा रोग आला तो कोणी धाडला नाय? असाच आला?"

"असाच."

"मग मी इनवणी कोणाला करू रे? ज्यानं ठेवलंन त्याच्याशी बोलता तरी येतं. तुज्या पुस्तकात बोलायला कोण नाय."

 

दोन दिवसांनी त्याने जाहीर केलं की देवाला कौल लावायचा. देव सांगेल तसं करू. आमच्याकडे ही रीत आहे. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, मुंबईची खोली विकायची की ठेवायची, सगळं ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि म्हणतो, असं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. मग सगळे गप्प उभे राहतात. जी कळी आधी पडेल तो देवाचा शब्द. त्याच्यापुढे सरपंचही बोलत नाही.

मी नको म्हणायला हवं होतं. ते बोलायचं सोडून मी हुशारी केली.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गुरवाकडे गेलो. तो देवळामागे फुलांची परडी धूत होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, इतकी वर्षं पायरी चढला नाय. आज वाट चुकलात की काय?" मी त्याला सगळं सांगितलं. गोळ्या सोडल्या तर काय होईल तेही सांगितलं. उद्या प्रश्न असा घाला, म्हणालो: सहा महिने गोळ्या पुऱ्या कराव्यात, अशी देवाची इच्छा असेल तर उजवी. त्याने परडी उपडी करून ठेवली. "उजवी पायजे ना? मग एवढा धडा कशाला वाचताय," तो म्हणाला. कळी किती ओली, किती दाबून लावायची, ते त्याच्या हाताला माहीत होतं. आम्ही दोघेही त्याहून जास्त काही बोललो नाही. घरी येताना मला हलकं वाटत होतं. एखादा अवघड प्रयोग कमी सामानात जमवावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे गेलो. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. पुतणी तेव्हा सातवीत होती. घरी मला काका म्हणायची आणि शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की सर. गुरवाने कळ्या लावल्या. उजवी किंचित तिरकी लागली होती. ती बघायला मी शिकलो नव्हतो, पण त्या दिवशी मला ती दिसली. त्याने गाऱ्हाण्याला सुरुवात केली आणि दादाने हात वर केला.

"थांब वाईच. माजं मी इचारतू."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. दादा पुढे झाला, टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, "बा देवा महाराजा, रोग माज्या अंगातून गेला असंल आणि गोळ्या सोडायच्या असतील, तर उजवी दे." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी खाली आली.

वहिनी तोंडाला पदर लावून रडली. दादाने नारळ फोडला. इतक्या पटकन कौल मिळाल्याचं गुरवालाही आठवत नव्हतं, असं तिथे उभं असलेलं कोणीतरी म्हणालं. गुरव मान खाली घालून तांब्या भरत राहिला.

त्यानंतर मी दादाशी भांडलो. कौल चुकूही शकतो, म्हणालो. त्याने एकच विचारलं: मग तू कशाला आलास देवळात? खरं कारण माझ्या जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर गुरवाचं घर गावातून उठलं असतं आणि दादाने माझं तोंड पाहिलं नसतं. मला तेव्हा असं वाटलं की अजून वेळ आहे, दोन दिवसांत त्याची समजूत घालू. दोन दिवसांचे आठ झाले. आशाताई पाकीट ठेवून जायची आणि ते कोनाड्यात दुसऱ्या पाकिटावर चढायचं. तिने वरती कळवलं. मोठे डॉक्टर येऊन गेले. दादाने त्यांना चहा दिला, देवाने काय सांगितलं ते सांगितलं आणि मोकळा झाला. पावसात त्याने लावणीही केली.

भातकापणीच्या वेळी खोकला परत आला. या वेळी रक्तही आलं. बेडक्याचा नमुना रत्नागिरीला गेला आणि जो निकाल आला तो मी वाचायच्या आधीच ओळखला होता. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय. डॉक्टर आम्हाला समजावून सांगू लागले तशी मला लाज वाटली, कारण ती माझीच वाक्यं होती, आंब्याचे तुडतुडे वजा केले तर.

मग आमच्या रत्नागिरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटेची गाडी, दादा खिडकीजवळ, तोंडावर रुमाल. तो झोपला की मी मनाशी एक खेळ खेळायचो. असा एक देश आहे असं धरायचो, जिथे उत्क्रांती कोणालाच सुचलेली नाही. तिथे पहिल्याच पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे की जे जे आहे ते कोणीतरी विचारपूर्वक करून ठेवलेलं आहे. तिथे विज्ञानाच्या तासाला मुलं याद्या पाठ करतात. मुंगूस सापासाठी. शेण सारवणासाठी. कोंबडा पहाटेसाठी. परीक्षेत प्रश्न येतो, गोचीड कशासाठी? आणि हुशार मुलं लिहितात, गाईला आळस येऊ नये म्हणून. तिथल्या बागायतदाराचं औषध चालेनासं झालं की तो दुकानदाराला शिव्या देतो आणि दुसरं औषध आणतो, मग तिसरं आणतो. तुडतुड्याकडे कोणी निरखून पाहत नाही, कारण तुडतुडा हा कायमचा तुडतुडा. तिथे रोग म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली. दोन्ही एकाच कारागिराने केलेली. किल्ली फिरली नाही तर रोग्याचं काहीतरी चुकलं असणार. साखरप्यापासून निघालेली गाडी हातखंब्याला पोचेपर्यंत मी तो देश जवळजवळ पुरा बांधून काढायचो.

एका ठिकाणी मात्र मी दर वेळी अडायचो. त्या देशात मी कोण असेन? नांगरामागे ठेवलेल्या घरातला, नांगरामागेच ठेवलेला मुलगा. ठेवलेल्या जागेवरून उठणं हाच तिथला मोठा अपराध. पण मला त्या जागेवरून उचललं होतं ते दादाने, ज्याचा त्या देशावर पुरा विश्वास होता. आणि ज्या पुस्तकात बोलायला कोणी नाही असं तो म्हणाला, ते शिवून आणणाराही तोच होता.

दुसरी गोष्ट मला त्याहून जड जायची. त्या देशात दादा निर्दोष होता. आठ-दहा आठवडे गोळ्या खाऊन आणि मग सोडून त्याने स्वतःच्या छातीत चिवट जंतूंची निवड केली, त्यांची बीज राखावं तशी राखण केली, असं तिथे कोणी म्हणू शकलं नसतं. रोग मोठा होता, देवाची मर्जी, संपलं. आणि तिथे मीसुद्धा सुटलो असतो. दोषाचा हिशोब फक्त माझ्या पुस्तकात होता आणि तो मला सोडवता येत होता.

नव्या गोळ्यांनी दादाची कातडी काळवंडली. पाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटलेली त्याला कळायची नाही, मी मागे जाऊन उचलून आणायचो. या वेळी त्याने एकही गोळी चुकवली नाही. देवाला विचारलंही नाही. मी कधीतरी म्हणालो, आता विचारायचं नाही का, तर म्हणाला, "एकदा इचारून झालं. परत परत इचारलं तर त्याला वाटंल इश्वास नाय."

शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो ओटीवर आडवा पडला होता. वहिनी नदीवर गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं. गुरवाकडे गेलो होतो, उजवी मी मागितली होती, प्रश्न मी बांधून दिला होता. तू मधे बोललास आणि माझी कळी तुझ्या प्रश्नाला पडली. देव त्यात नव्हताच, दादा. मी होतो.

त्याने डोळे मिटून ऐकलं. मी वाट बघत होतो की तो शिवी देईल. मला ती हवी होती.

"तू सांगितलंस म्हणून तो उजवी देतो काय रे?" तो म्हणाला. श्वास लागत होता म्हणून थांबून थांबून बोलत होता. "तुज्या तोंडून त्यानंच सांगितलंन. तू कोण करणारा?"

"दादा, तसं नाही."

"गप. मोठा मास्तर झालास."

त्याने माझ्या मनगटाला हात लावला आणि पाणी मागितलं. त्याने मला माफ केलं, की माझा गुन्हाच नाकारला, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्हींत मला जागा नव्हती. श्रावण लागायच्या आधी तो गेला.

तेराव्यानंतर आशाताई आली. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला हवी, म्हणाली. दादाला झालेला रोग साधा नव्हता आणि आम्ही एका घरात एका हवेत राहिलो होतो. वहिनीने स्वतःची करून घेतली, मीही केली. मुलीची मात्र नको, म्हणाली. पोरीचं नाव त्या रजिस्टरात चढलं की उद्या तिला सून कोण करील? मी समजावलं. आशाताईने समजावलं. पुतणी दाराआड उभी राहून ऐकत होती. ती अधूनमधून खोकायची, पावसात सगळेच खोकतात तशी. मला प्रत्येक खोकला मोजावासा वाटायचा.

शेवटी वहिनी म्हणाली, "देवाला इचारूया. भावोजी, तुमीच चला संगती. तुमी व्हतात तेव्हा कशी झटक्यात उजवी पडली."

तिला ठाऊक नव्हतं ती काय बोलली. मी त्याच संध्याकाळी गुरवाकडे गेलो. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, रस्त्यात दिसलो तरी दोघेही खाली बघायचो. मी मुलीचं सांगितलं. तो म्हणाला, "या खेपेला गाऱ्हाणं तुमी घाला. मधे कोण बोलायला नको."

तो शनिवार होता, सकाळची शाळा सुटलेली. देवळात गर्दी होती आणि तिच्यात माझ्याच वर्गातली दहा-बारा मुलं दप्तरं घेऊन उभी होती. सर गाऱ्हाणं घालणार हे गावभर झालं होतं. मी चप्पल काढली, पुढे झालो आणि लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं गाऱ्हाणं म्हटलं. एकही शब्द चुकलो नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मुलीला तपासणीला न्यावं, आणि डॉक्टर सांगतील तितक्या वेळा न्यावं, अशी तुझी इच्छा असेल तर उजवी दे महाराजा. मागून सगळे म्हणाले, व्हय महाराजा. माझी मुलंही म्हणाली.

उजवी पडली.

सोमवारी मी पुतणीला घेऊन गेलो. काही निघालं नाही. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर विसंबू नका, दोन वर्षं दर काही महिन्यांनी बघत राहावं लागेल. हा रोग छातीत बराच काळ गप्प बसतो.

पुतणी या वर्षी दहावीला आहे. पहिल्या बाकावर बसते. दिवाळीनंतर धडा आला. या वर्षी मी फळ्यावर माकड काढलं नाही. गोळ्यांचं पाकीट काढलं, आणि एका वर्तुळात पुष्कळ ठिपके. पहिल्या महिन्यात किती ठिपके पुसले, दुसऱ्यात किती पुसले, आणि तिसऱ्यात डस्टर खाली ठेवलं तर कोणते उरले, ते दाखवलं. उरलेल्या ठिपक्यांनी वर्तुळ परत भरलं. इतका नीट हा धडा मी कधीच शिकवला नव्हता. दादाला सांगताना यातलं निम्मंही मला जमलं नव्हतं. मुलं मन लावून उतरवून घेत होती.

मग मी हात वर येण्याची वाट पाहिली. माकडांचं तरी कोणी विचारेल. कोणीच विचारलं नाही.

"शंका?" मी म्हणालो.

"नाय सर, कळलं," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

"काय कळलं, सांग बघू."

ती उठून उभी राहिली. "देवानं जंतूंना पण डोकं दिलंन. म्हणून देवाला इचारून गोळ्या घ्यायच्या, मग ते फसवत नायत. तुमी इचारलंत तसं."

कोणी हसलं नाही. दोन-तीन मुलांनी माना हलवल्या. मी खडू धरून उभा होतो. चूक आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी नजर पहिल्या बाकावर गेली. पुतणी पेन थांबवून माझ्याकडे बघत होती. मी वर्गात काय म्हणालो ते संध्याकाळी वहिनीला ती सांगतेच, रोज सांगते. तिची पुढची तपासणी फाल्गुनात आहे आणि वहिनी तिला पाठवणार आहे, ती फक्त त्या कळीच्या शब्दावर.

"बस," मी त्या मुलीला म्हणालो. मग फळ्याकडे वळलो आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला.